पहिलं ऐकणं

१

भागूबाईचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं एक कपाट होतं आणि त्याबद्दल तिला कुणापुढे ओशाळायला होत नसे. भिंतीत बसवलेलं खोल कपाट. आत नवऱ्याचे जाड कोट, रजया, पडद्यांचे जुने जोड. असलं कापड आवाज पिऊन टाकतं, खोलीचा घुमारा गाण्यात येऊ देत नाही. त्या कापडांच्या मधोमध माइक टांगायचा, दार लावून घ्यायचं आणि अंधारात डोळे मिटून गायचं. बाहेर टेबलापाशी तिची नणंद कानाला हेडफोन लावून बसलेली असायची. या घरात कुणी कुठे सुस्कारा टाकला तरी ताईच्या कानातून सुटत नाही, असं नवरा म्हणायचा.

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ही मुलगी कशाला घाबरायची ते विचारू नका, कशाला नाही ते विचारा. झुरळाला घाबरायची, जिन्याखालच्या कोपऱ्याला घाबरायची, आरशाच्या पाठीला घाबरायची, नळाला पाणी येण्याआधी जी गुरगुर ऐकू येते तिलाही घाबरायची. घरच्यांनी ‘भित्री भागूबाई’ म्हणून चिडवून चिडवून तिला रडवलं होतं. मोठेपणी तिनं त्यातलं ‘भित्री’ काढून टाकलं आणि उरलेली भागूबाई स्वतःच पोस्टरवर छापली. त्यानंतर चिडवणारे तिकिटं मागायला यायला लागले.

आणि नशीब बघा, लग्न झालं ते दातांच्या डॉक्टरशी. ज्याच्या खुर्चीत बसल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळते त्या माणसाशी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला स्वप्न पडलं की हसता हसता आपले दात ओंजळीत गळतायत आणि गळलेला प्रत्येक दात अजून हसतोय. सकाळी स्वयंपाकघरात हे सांगायची तिला लाज वाटली, म्हणून तिनं ते थट्टेत, चाल लावून सांगितलं. समोर नणंद चहा पीत होती. ती तेव्हा साबणाच्या आणि टूथपेस्टच्या जाहिरातींना चाली लावून पोट भरायची. तिनं कप खाली ठेवला.

"पुन्हा म्हण."

"काय वन्सं, चेष्टा करता का माझी?"

"चेष्टाच करायचीय. पुन्हा म्हण, आणि त्या ओंजळीवर जरा रेंगाळ."

एक दात पडला, दोन दात पडले,
हसता हसता ओंजळीत मोती सांडले;
डॉक्टर म्हणे, आ कर राणी, आ कर पुन्हा,
आत कोण बसलंय गं, ओळखीचं कुणा?

पुढच्या उन्हाळ्यात ते गाणं दुकानांत, बसमध्ये, शाळेच्या मैदानात वाजत होतं. पोरं एकमेकांच्या तोंडात डोकावून ते म्हणत होती. बायकोनं माझा धंदा बसवला, असं नवरा प्रत्येक पेशंटला सांगायचा आणि सांगताना त्याची छाती फुगायची. भागूबाईला मात्र ते स्वप्न पुन्हा कधी पडलं नाही.

२

मग दोघींची रीत ठरून गेली. सकाळी चहाबरोबर स्वप्न सांगायचं. ते कागदावर उतरवायचं नाही, कारण लिहिलं की स्वप्न शहाण्यासारखं वागायला लागतं, असं वन्संचं मत. दुपारी रस्ता शांत झाला की कपाटात जाऊन गायचं. नंतर वन्सं गाणं साफ करायला बसायच्या. साफ करणं म्हणजे मुख्यतः श्वास कापणं. दोन ओळींच्या मध्ये गाणारा जो श्वास घेतो तो ऐकणाऱ्याला नको असतो. वन्सं एकेक श्वास कापून बाजूला काढायच्या, पण टाकून द्यायच्या नाहीत.

"श्वास आहे बाई," त्या म्हणायच्या, "कचरा नव्हे."

शेवटची रीत पहिल्या ऐकण्याची. वन्संनी तुकड्यातुकड्यांनी गाणं शंभरदा ऐकलेलं असे, पण पुरं झालेलं गाणं सलग ऐकायचा पहिला मान जिची भीती तिचा. कपाटात एकटीनं बसून, दार लावून, हेडफोनवर ऐकायचं. वन्सं त्या वेळी आपल्याकडचा आवाज बंद ठेवायच्या. हे कुणी सुरू केलं ते दोघींना आठवत नव्हतं, पण भागूबाई बाहेर यायची ती हसतच, आणि त्या रात्रीपासून ते स्वप्न बंद. जिन्याखालचा कोपरा असा गेला. आरशाची पाठ गेली. नळातल्या गुरगुरीची गाण्यात म्हातारी झाली आणि ती तर इतकी गाजली की लोक तिचे मुखवटे घालून कार्यक्रमाला यायला लागले.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना वन्सं," भागूबाई म्हणायची, "माझ्या पाठी लागू दे तर खरं. ठेका धरायला बसवते की नाही बघा!"

आता तिला सातवा महिना होता आणि एकच स्वप्न उरलं होतं. ते तिनं मुद्दाम मागे ठेवलं होतं, पण यापुढे ठेवून चालणार नव्हतं. तिची आई विजांना घाबरायची. कडकडाट झाला की लेकीला पोटाशी घट्ट धरून थरथरायची, आणि ती थरथर लेकीच्या हाडांत उतरली ती उतरलीच. आपल्या बाळाच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, असं भागूबाईनं ठरवून टाकलं होतं. नाक माझं घेऊ दे, वाकडा अंगठा घेऊ दे, एक वेळ माझा हट्टीपणाही घेऊ दे. भीती मात्र द्यायची नाही. पाहुणा येण्याआधी घर झाडून घेतात तसं तिला आपलं डोकं झाडून घ्यायचं होतं.

३

"सांग," वन्सं म्हणाल्या.

"सांगण्यासारखं फार नाहीच त्यात. मी लहान आहे. अंथरुणात पडलेय. खोलीत अंधार आहे आणि कुणीतरी माझा कानोसा घेतंय."

"कोण?"

"दिसत नाही. ते काही करतही नाही. फक्त माझा श्वास शोधतंय. तो ऐकू गेला की मी सापडले. म्हणून मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरते. आणि मग माझ्या लक्षात येतं, तेसुद्धा श्वास रोखून उभं आहे. दोघांपैकी जो आधी सोडेल..." भागूबाई हसली. "तो आउट! तिथंच जाग यायची दर वेळी."

एरवी वन्सं लगेच काहीतरी बोलायच्या. आज त्यांनी कपाची कड पुसली, पुन्हा पुसली.

"हे राहू दे का?" त्या म्हणाल्या. "दात, नळ, ते ठीक होतं. यात नाचायचं कुठं?"

"तुम्हीच असं म्हटल्यावर झालंच! अहो, लपाछपी आहे ही. लपाछपीवर लोक नाचत नाहीत होय?"

तिनं साखरेच्या डब्यावर बोटांनी ठेका धरला. टक, टक, मग मोठी रिकामी जागा, मग टक. ती रिकामी जागा ऐकली आणि वन्संच्या चेहऱ्यावरचा घरचा भाव जाऊन कामाचा आला. त्या डोकं हलवायला लागल्या. चहा गार व्हायच्या आत मुखडा तयार होता.

गप गं गप, कानोसा घेतंय कुणी,
पलंगाखाली गुणगुणतंय गाणी जुनी;
नाक दाब, तोंड दाब, हूं नको, चूं नको,
सापडलीस तर बाई माझं नाव सांगू नको!

"शेवटची ओळ दुष्ट आहे," वन्सं म्हणाल्या.

"म्हणूनच पोरं ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणतील."

४

रेकॉर्डिंगच्या दिवशी नवऱ्यानं कपाटात स्टूल ठेवून दिलं. उभं राहून गाताना तिला आताशा धाप लागायची. मुखड्याच्या शेवटी ‘नको’ वर लांब सूर होता, तो तिनं पहिल्याच टेकमध्ये सरळ, न डगमगता लावला. आपण छान गायलो हे तिला गातानाच कळलं होतं. ती कौतुक ऐकायला बाहेर आली, तर वन्संनी हेडफोन एका कानावरून काढून ठेवला होता.

"काय झालं? सूर गेला?"

"सूर झकास आहे. हे ऐक."

स्पीकरवर तिचा आवाज आला. सांगू नकोऽऽऽ. कुठेही न तुटलेला. आणि त्या सुराच्या मधोमध, त्याच्या अंगाला अंग लावून, कुणीतरी श्वास आत घेतला होता.

भागूबाईनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. गाताना माणूस श्वास सोडत असतो, त्याच वेळी तो आत घेऊ शकत नाही. हे तर गाण्याच्या पहिल्या धड्यात शिकवतात.

"आधीच्या टेकमधला तुझाच श्वास हेडफोनमध्ये वाजला असेल," वन्सं म्हणाल्या. "माइकनं तो पकडला."

"आधीचा टेक कुठला? हा पहिलाच."

"मग कोट सरकला असेल."

"कोट नाकानं सरकतो का?"

"मग बाळ असेल. आत्तापासूनच कोरसला उभं राहिलंय."

दोघी खळखळून हसल्या. पोटातलं बाळ असा हवेचा श्वास घेत नाही, त्याला जे हवं ते आईच्या रक्तातून मिळतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण हसल्यानं बरं वाटलं आणि दुसरा टेक घ्यायचं बळ आलं.

दुसऱ्या टेकमध्येही श्वास होता, थोडा आधी आणि माइकच्या थोडा जवळ. तिसऱ्या वेळी भागूबाईनं मुद्दाम सूर मध्येच तोडला. तेव्हा तो श्वासही अर्ध्यावर थांबला. पुढे नुसती शांतता होती. वन्संनी आवाज वाढवत नेला, वाढवत नेला, तरी काही नाही. रस्त्याची घरघर नाही, कापडाची सळसळ नाही, भागूबाईचं स्वतःचं नाक वाजतं तेही नाही. वन्संनी घाईनं आवाज खाली आणला.

"आपण दुसऱ्या खोलीत रेकॉर्ड करू," त्या म्हणाल्या.

भागूबाईच्या हातावर काटा उभा राहिला होता. तो तिनं वन्संना दाखवला आणि दाखवताना तिचे डोळे चमकत होते. घाबरून घाबरून जिनं घर चालवलं तिला किती दिवसांत असं खणखणीत घाबरायला मिळालं नव्हतं.

"दुसरी खोली कशाला? सोनं आहे हे वन्सं! तो श्वास कापा आणि ठेक्यात बसवा. रिकामी जागा आहे ना, बरोब्बर तिथं. टक, टक, श्वास, टक."

"तुझा नाहीये तो."

"माझ्या कपाटातला आहे ना? मग माझाच."

वन्संच्या हातांना जे काम येत होतं ते हातांनी केलं. संध्याकाळी तो श्वास गाण्यात असा चपखल बसला होता की त्याच्यावाचून ते गाणं सुचलं कसं, असं वाटावं.

५

गाणं पुरं झालं त्या दुपारी बाहेर लख्ख ऊन होतं. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि कुणीतरी पायरी धूत होतं. भागूबाई कपाटात शिरली, स्टुलावर बसली, दार ओढून घेतलं. हेडफोन कानाला लावणार इतक्यात बाळानं आतून सणसणीत लाथ मारली. गाण्याची चाहूल लागली की ते नेहमीच असा धिंगाणा घालायचं. तिला त्याचं असं कौतुक वाटलं की विचारू नका. तिनं हेडफोन ताणून रुंद केले आणि पोटावर बसवले.

"वन्सं, लावा! पहिलं ऐकणं आज बाळाचं!"

वन्संनी बटणावरचं बोट मागे घेतलं.

"अगं नको. तो मान तुझा आहे."

"माझं जे जे आहे ते त्याचंच की आता. लावा हो!"

वन्संकडे ‘नको’ म्हणायला रीत सोडून दुसरं कारण नव्हतं. आणि भावजय एकदा हट्टाला पेटली की ऐकणारी नव्हती. त्यांनी गाणं लावलं.

भागूबाईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. पोटाच्या कातडीवर नुसता ठेका जाणवत होता. पहिल्या कडव्याला बाळ तिच्या बरगड्यांखाली नाचत होतं. मुखडा दुसऱ्यांदा आला आणि ते थांबलं. दमून हळूहळू थांबावं तसं नाही, पाय उचलला होता तो उचललेलाच राहावा तसं. ठेका चालूच होता. भागूबाईनं पोटावरून हात फिरवला.

"झोपलं," ती बाहेर येऊन म्हणाली. "जग नाचेल यावर, आणि आमचं पात्र झोपलं."

त्या रात्री ती ढाराढूर झोपली. स्वप्न पडलं नाही.

६

गाणं बाहेर आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. श्वासाच्या जागी हजार माणसं एकदम श्वास ओढायची आणि मग टाळी द्यायची. भागूबाई पोट सांभाळत खुर्चीत बसून गायची, राणीसारखी. आपण जिंकलो, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. स्वयंपाकघरात झुरळ निघालं तर ती त्याला मिशीला धरून खिडकीबाहेर सोडायची आणि नवऱ्याला म्हणायची, बघितलंस?

मग एके दिवशी ती रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडे बघायची राहिली. गाडी तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर कचकन थांबली. गाडीवाला शिव्या देत होता. तिनं त्याला हात केला आणि चालत पलीकडे गेली. दवाखान्याच्या दारातून नवऱ्यानं हे पाहिलं. तो पळत आला आणि त्यानं तिचे दोन्ही दंड धरले.

"अगं, तुला काही वाटत नाही का?"

"कशाचं?" तिनं विचारलं. खोडी काढायला नव्हे. तिनं खरोखरच आत चाचपून पाहिलं आणि तिला काही सापडलं नाही.

बाळाचं हलणं कमी झालं होतं. वन्सं रोज सकाळी विचारायच्या, "हललं का?" भागूबाई म्हणायची, "हलेल की." हीच बाई पूर्वी एक लाथ उशिरा पडली तर चप्पल न घालता डॉक्टरकडे निघायची. आता काळजी करायला हवी एवढं तिला समजत होतं, पण काळजी येत नव्हती. काळजी ही भीतीचीच धाकटी बहीण. थोरली गेली तेव्हा धाकटीला हात धरून घेऊन गेली होती.

एका सकाळी वन्संनी तिच्या पोटावर हात ठेवला होता. हाताखाली बाळ हळूच कूस बदलत होतं. तेवढ्यात खालून कुणीतरी शिट्टीवर गाणं वाजवत गेलं. टक, टक, आणि श्वास. शिट्टीवाल्यानं तोही घेतला. हाताखालची हालचाल एका क्षणात थिजली.

"झोपलं," भागूबाई म्हणाली.

"नाही." वन्संचा आवाज बसला होता. "झोपलेलं मूल सैल असतं गं. हात लावून बघ. हे आवळून बसलंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू घाबरत का नाहीस, भागू? आई आहेस ना तू त्याची?"

"कुठून घाबरू? माझ्यापाशी राहिलीच नाही ती, वन्सं."

७

डॉक्टरबाईंनी पोटावर गार जेल लावलं आणि यंत्राचा दांडा फिरवायला सुरुवात केली. खोलीत पडदे ओढलेले होते. यंत्राच्या पडद्यावर राखाडी ढग हलत होते. मग ठोके ऐकू आले, भराभर, एकात एक.

"पळत आल्यासारखं धडधडतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण तसं मर्यादेत आहे. वाढ छान आहे. घाबरायचं काही कारण नाही."

"मी घाबरले नाहीये," भागूबाई म्हणाली.

"असंच हवं! हे बघा, आत एवढं मोकळं आहे आणि हा प्राणी अंग चोरून एका बाजूला बसलाय." त्यांनी दांडा वळवला, कान टवकारले, यंत्राच्या अंगावर टिचकी मारली. "हा मध्ये मध्ये कसला आवाज येतोय? यंत्र जुनं झालं आता."

ठोक्यांच्या मागे, अगदी बारीक, काहीतरी ओढून घेतल्यासारखं ऐकू येत होतं आणि थांबत होतं. वन्संनी भागूबाईचं मनगट पकडलं.

"चेहरा दिसतो का बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. ढग सरकले. कपाळ दिसलं. मिटलेले डोळे दिसले, नुसते मिटलेले नव्हे, घट्ट आवळलेले. त्याखाली नाक नव्हतं, ओठ नव्हते. दोन्ही हात होते. एकावर एक ठेवलेले, बोटं गालांत रुतलेली.

"अगोबाई, लाजतंय!" डॉक्टरबाई हसल्या. "सारखं आपलं तोंडावर हात! मघापासून काढतच नाहीये."

भागूबाई पडद्याकडे बघत राहिली. त्या पंजांची पकड तिला पाठ होती. हाताच्या कोणत्या बाजूनं नाक दाबलं की आवाज होत नाही, हे कुणी शिकवल्याशिवाय कळत नाही. तिला भीती वाटली नाही. दुःख झालं, साधं, सरळ दुःख. जे द्यायचं नाही म्हणून एवढा आटापिटा केला तेच तिनं हौसेनं, आपल्या हातानं त्याच्या अंगावर बसवलं होतं, आणि त्याला ‘गप’ म्हणून वर गाणंही ऐकवलं होतं.

८

"कपाट रिकामं करा," घरी आल्या आल्या ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. कोट, रजया, पडदे. नंतर कोट सरकला असेल म्हणायला नको. माइक तेवढा राहू दे आणि मला हेडफोन द्या. गाणं नको, ठेका नको. माइकला आत जे ऐकू येईल ते सरळ माझ्या कानात सोडा. तुमच्याकडचा आवाज बंद ठेवा."

वन्संच्या हातात कोटांचा ढीग होता. तो त्यांना खाली ठेवायचं सुचेना.

"काय करणार आहेस तू?"

"श्वास घेणार आहे. मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असा."

"आणि ते आलं म्हणजे?"

"येईलच. बाळाची त्याला काय ओळख? मला ते लहानपणापासून ओळखतं." ती कपाटात दाराकडे तोंड करून स्टुलावर बसली, पोटावर हात ठेवला आणि वन्संकडे बघून हसली, कार्यक्रमाच्या आधी हसायची तसं. "काळजी करू नका. भीतीचं काम आहे, आणि या गावात या कामाला माझ्याहून चांगलं माणूस मिळणार नाही."

दार लागलं. दुपारचे तीन वाजले असतील. दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येऊन कपाटाच्या तळावरून थेट मागच्या फळीपर्यंत गेली होती. कपडे नसल्यामुळे आत नुसत्या फळ्या होत्या, उघड्या आणि ऐसपैस. आणखी दोन खुर्च्या मावल्या असत्या.

तिनं श्वास घेतला. हेडफोनमध्ये तो वाऱ्यासारखा मोठा ऐकू आला. सोडला. पुन्हा घेतला. दुसरं काही नव्हतं. तिला हायसंही वाटलं नाही आणि भीतीही वाटली नाही. समजा, हा सगळा मनाचा खेळ असेल तर? यंत्र खरंच जुनं असेल, बाळं खरंच लाजत असतील. तसं असेल तर एक बाई रिकाम्या कपाटात बसून श्वास घेतेय, एवढंच. त्यानं कुणाचं काय बिघडतंय?

"मी इथं आहे," ती म्हणाली. "ते लहान आहे, त्याला अजून नियमही माहीत नाहीत. सोड त्याला. मी आधी श्वास सोडला. मी आउट."

आणि तिनं आणखी एक श्वास घेतला, लांब, आवाज करत, आणि तसाच सोडला.

तो संपल्यावर हेडफोनमध्ये ती शांतता आली, तिसऱ्या टेकमधली. रस्ता नाही, फळ्या नाहीत, तिचं नाक नाही. मग कुणीतरी, फार फार वेळ रोखून धरलेला श्वास सोडावा तसा, श्वास सोडला.

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. श्वास अजून ऐकू येत होता. हेडफोनमधून नव्हे.

तिनं मान वळवली नाही. फक्त खाली पाहिलं. उजेडाच्या पट्टीत तिची पावलं दिसत होती. मघाशी ती पट्टी पावलांच्या मागे, थेट मागच्या फळीपर्यंत गेलेली होती. आता ती तिच्या टाचेशीच संपली होती.

आणि मग भीती आली. पोटऱ्यांतून वर आली, पाठीतून गेली, केसांच्या मुळांशी जाऊन उभी राहिली. गाण्यातली भीती नव्हे, मोठेपणीची नव्हे, लहानपणची अख्खी, जशीच्या तशी, एक कण कमी न होता. भागूबाईची पाचावर धारण बसली. आणि त्याच क्षणी तिच्या बरगडीखाली एक लाथ बसली. मग दुसरी. मग बाळानं आतल्या आत असे हातपाय ताणले की तिच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. कित्येक दिवसांनी आळस द्यायला मिळावा तसं ते पसरलं, लोळलं, पुन्हा लाथा मारायला लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतका आनंद तिला आजवर कोणत्याच गाण्यानं दिला नव्हता.

"वन्सं!" ती ओरडली. तिचा आवाज लटपटत होता. "हललं! वन्सं, नाचतंय!"

बाहेर खुर्ची पडली. वन्संची पावलं धावत दाराशी आली.

"खरंच? थांब, आले मी आत. मला हात लावून बघू दे..."

दार बाहेरून हललं. भागूबाईनं दोन्ही हातांनी ते आतून घट्ट ओढून धरलं.

"येऊ नका," ती म्हणाली. "जागा नाही."